लोकरीचा गुंडा

माझ्या बापाला गावात कुणी कधी ‘वरपर्यंत गेला होतास का’ असं विचारलं नाही. विचारायचं नसतंच. आमच्या इचुपातात पाणी आणणाऱ्याला प्रश्न करणं म्हणजे तळ्यावर संशय घेणं, आणि तळं रुसलं की पाऊस रुसतो. म्हणून पंचवीस वर्षं माझा बाप संत आंद्रेसच्या दिवशी सकाळी दोन कानांची मातीची लोटी घेऊन निघायचा, चौथ्या दिवशी दुपारी ती छातीशी धरून परत यायचा, आणि सगळं गाव टोप्या काढून गप्प उभं राहायचं. मीही उभी असायची. इतरांपेक्षा जरा ताठच.

सेवेरो बेर्ना त्याचं नाव. बुटका, पायांत बाक, छाती मात्र पिंपासारखी. माणसांशी चार शब्द बोलेल तर ओझी वाहणाऱ्या लामांशी चाळीस. हट्टी मादी चढावर बसकण मारून बसली की तिच्यासमोर उकिडवा बसून तिची समजूत काढायचा, “हे बघ बाई, मलाही गुडघे आहेत.” आणि हात कधी स्वस्थ नाहीत. चालताना, जेवण होईस्तोवर, अगदी चर्चमध्ये पाद्री बोलत असतानासुद्धा त्याची बोटं लोकर वळत असायची. आई म्हणायची, “मेल्यावरही याच्या हातात काहीतरी द्या रे बाबांनो, नाहीतर कफनाचे धागे काढत बसेल.”

यानाओर्को आमच्या दारातून दिसतो. त्याच्या डोक्यावरचं तळं दिसत नाही. एके काळी जिथून आग यायची त्याच तोंडात ते भरलेलं आहे, आणि काठावर उभं राहिल्याशिवाय त्याचा थेंबही नजरेला पडत नाही. आमचं गावच इतकं उंच की खालून येणारे पाहुणे पहिला दिवस डोकं धरून भिंतीला टेकून काढतात. तळं उंचीनं आणखी दीड किलोमीटर वर. पहिल्या दिवशी डोंगरातल्या झऱ्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी खिंडीतल्या दगडी आडोशापर्यंत, तिसऱ्या दिवशी सकाळी तळं आणि संध्याकाळी परत झरा, चौथ्या दिवशी घर. शेवटच्या गोठ्यापुढे एकट्यानं जायचं. येताना भरलेली लोटी जमिनीला टेकवायची नाही, झोपायचं ते बसूनच, लोटी मांडीवर घेऊन. ते पाणी बायका थेंबथेंब गावच्या झऱ्यात सोडतात आणि पावसाला वाट दाखवतात.

जाताना केन्युआच्या लाकडाची एक काठी न्यायची. घरातली बाई तिला लाल लोकर बांधते. ती काठी तळ्याच्या काठी मागच्या वर्षीच्या काठीशेजारी ठेवायची. तिथे काही कुजत नाही, वाहून जात नाही. बाकी वरचं खाली बोलायचं नाही. तोंड उघडायचं ते फक्त पुढच्या माणसाला वाट सांगताना.

सुरुवातीच्या वर्षांत बाप परत यायचा तेव्हा त्याचे ओठ फाटलेले असायचे, डोळे लालभडक, आणि दोन दिवस तो नुसता झोपून असायचा. मग पुढे कधीतरी तो बरा दिसायला लागला. इतकंच नाही, दरवर्षी माझ्यासाठी वरून एक गोफण वळून आणायला लागला. सहा रंगांच्या, घट्ट विणीच्या सुरेख गोफणी. “हात रिकामे कशाला ठेवायचे,” म्हणायचा. आम्हाला वाटलं, डोंगराची सवय झाली. मी त्या गोफणी भिंतीवर ओळीनं टांगल्या होत्या आणि येईल त्या पाहुण्याला दाखवायची. जिथे श्वास घ्यायला सवड नसते, तिथे माझा बाप सहा रंग जुळवत बसतो, असं सांगायची. किती मूर्ख होते मी.

आईला खोकला लागला त्या वर्षी तिनं काठीला लोकर बांधताना एकाच्या जागी दोन गाठी मारल्या. म्हणाली, “तळ्याला सांग सेवेरो, एखादा श्वास इकडेही पाठव म्हणावं.” बापानं काठी घेतली, टोपी नीट केली आणि गेला. फेब्रुवारीत आई गेली. तळ्यानं ऐकलं नाही, असं मी तेव्हा रडत म्हणाले होते. बाप चुलीकडे बघत राहिला.

त्याच्या दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. लामांची पिलं उभ्याउभ्या वाळली. आता तळ्यावर संशय घ्यायचा नाही, पाणी आणणाऱ्यावर घ्यायचा नाही, म्हणजे चूक गावातच कुणाची तरी असणार. पाणी आणणारा वर असतो त्या चार दिवसांत गावात कुणी केस धुवायचे नसतात. बासिलियानं तिच्या तापात पडलेल्या मुलीचं डोकं धुतलं होतं. कुणीतरी पाहिलं होतं. सभा भरली. बासिलिया ओरडली नाही, भांडली नाही, फक्त म्हणाली, “पोर पेटली होती हो माझी.” महिन्याभरात ती घर सोडून खाणीच्या गावाला निघून गेली. सभेत तिच्याविरुद्ध हात वर करणाऱ्यांत मीही होते. माझा बाप माझ्याशेजारीच बसला होता. तो लोकर वळत होता.

मग त्याचा गुडघा गेला. पंचविसावी फेरी झाली आणि त्यानं सभेत सांगितलं, आता होत नाही. पुढे कोण? तरुण पोरं सगळी जीपवाल्या पाहुण्यांच्या मागे, नाहीतर खाणीत. मी उठून उभी राहिले.

त्या वर्षी गावचा कारभारी होता प्लासिदो, माझा धर्मबाप. तो हसला. “एलोदिया, तळ्यावर नवरा मिळत नाही गं.”

“इथे बत्तीस वर्षं शोधतेय,” मी म्हटलं, “इथे तरी कुठे मिळाला?”

बायका खदखदल्या. कुणीतरी म्हणालं, बाई कधी गेली नाही. प्लासिदोनं मान हलवली, “बाई गेली नाही हे खरं. पण सेवेरोचं रक्त आहे. ताता सेवेरो, तुम्ही सांगा. जाईल ही?”

बापानं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, त्याचा ऊर भरून आलाय. “जाईल,” तो म्हणाला, “झऱ्यापर्यंत तर कुणीही जाईल. पुढचं तिचं तिला कळेल.”

मला त्या दिवशी किती आनंद झाला होता ते आठवलं की अजून लाज वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला वाट सांगितली, गावच्या चार वडीलधाऱ्यांसमोर, रीतीप्रमाणे. झऱ्याच्या उजव्या अंगानं वर. काळ्या दगडांच्या पट्ट्यानंतर लामाच्या मानेसारखा खडक लागेल. त्याच्या डाव्या बाजूनं खांद्याएवढी रुंद पायवाट, थेट खिंडीत. आडोशाच्या भिंतीचा दगड सैल आहे, टेकू नकोस. पाठ केलेल्या प्रार्थनेसारखं सांगत होता. मग माझी शिदोरी त्यानं स्वतः बांधली. भाजलेलं पीठ, सुकं मांस, चघळायला कोकाची पानं, आणि शेवटी पांढऱ्या-काळ्या लोकरीचा चांगला मोठा गुंडा.

“हा कशाला, ताता? ओझं नुसतं.”

“राहू दे. वेळ जातो.”

“डोंगर चढताना वेळ कसला जातोय?”

“राहू दे म्हटलं ना,” तो म्हणाला आणि गाठ आवळली.

काठीला लोकर मीच बांधली. आई नव्हती.

पहिल्या दिवशी झऱ्यापर्यंत काही अवघड गेलं नाही. झऱ्याच्या वर एक खोबण दिसत होती, पण मी खालीच आडव्या दगडाशी पडले, पहाटे निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी काळ्या दगडांचा पट्टा ओलांडला आणि उभीच राहिले. लामाच्या मानेसारखा खडक नव्हता. पायवाट नव्हती. डोंगराची सबंध कूस वरपासून खालपर्यंत फाटून घसरली होती, आणि त्या राखाडी खडीतून अधूनमधून एखादा दगड सुटून टक् टक् करत खाली जात होता.

पहिल्यांदा वाटलं, मीच वाट चुकले. मागे जाऊन पुन्हा आले. नाही, जागा तीच. मग वाटलं, दरड नुकतीच कोसळली असेल. पण घसरलेल्या मोठ्या दगडांवर दगडफुलाचे पिवळे ठिपके धरले होते. ते काही एका वर्षात धरत नाहीत, हे लामामागे हिंडणाऱ्या कुणालाही कळतं. तरी मी बापाची बाजू घेतली. म्हातारा झालाय, म्हटलं, नवी वाट काढली असेल आणि सवयीनं जुनीच सांगून बसला.

नवी वाट शोधण्यात अर्धा दिवस गेला. सापडली नाही, कारण ती नव्हतीच. शेवटी वरच्या कड्याच्या पायथ्याशी चिकटून दरड ओलांडायला लागले. दोन पावलं चढायची, एक घसरायचं. छाती भात्यासारखी चालली होती आणि तरी हवा पोटापर्यंत पोचत नव्हती. मधोमध आले आणि पायाखालची सगळी खडी एकदम चालायला लागली. कंबरेपर्यंत रुतून मी तिच्याबरोबर खाली निघाले. ओरडायला श्वासच नव्हता. एका दगडाला हात अडकला म्हणून थांबले. तळवा फाटला, टोपी गेली. रिकामी लोटी पोटाशी बांधली होती, ती वाचली. त्या क्षणी मनात एकच आलं, या वयात, या गुडघ्यांनी, ताता इथून दरवर्षी जात होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

ती रात्र मी एका दगडाखाली काढली. पायांची बोटं चोळत होते. तिसऱ्या दिवशी दुपार कलताना काठावर पोचले.

तळ्याबद्दल मी बोलणार नाही. इतकंच सांगते की ते हिरवं आहे, कडेला बर्फ आहे, आणि ओंजळीत घेतलं की पाण्यात तांबडे बारीक जीव उड्या मारतात. वाऱ्यानं डोकं फुटेल असं वाटत असतं आणि काठावरून आत उतरलं की एकदम शांत. मी लोटी भरली, तिच्या तोंडाला कोकाच्या पानांचा बोळा बसवला. मग काठ्या शोधल्या.

ओळ होती. आधीच्या माणसांच्या काठ्या, धागे उडून गेलेल्या, नुसत्या करड्या. त्यांच्यापुढे आईच्या हातच्या गाठींच्या. उन्हानं लाल लोकर फिकट झाली होती, पण गाठ तिचीच, दोरा डावीकडून घेतलेली. मोजल्या. चौदा. पुन्हा मोजल्या. बर्फ उकरला, आजूबाजूचे दगड उचलून पाहिले, जिथवर चालवलं तिथवर काठानं चालत गेले. चौदाच. दोन गाठींची काठी त्यांत नव्हती.

माझी काठी चौदाव्या काठीशेजारी ठेवली. तिथे सव्विसावी असायला हवी होती.

उतरताना मी काही विचार केला नाही. करायचा नाही असं ठरवलंच होतं. लोटी छातीशी बांधलेली, दरड पुन्हा ओलांडायची, एक एक पाऊल बघून टाकायचं. चौथ्या दिवशी दुपारी झऱ्यावर आले आणि गारा सुरू झाल्या, सुपारीएवढ्या. लोटी फुटेल या भीतीनं मी त्या वरच्या खोबणीत शिरले.

आत इचू गवताचं अंथरूण होतं. जाड, नीट दाबून केलेलं, वर्षानुवर्षांचं. चुलीचे तीन दगड. राखेचा ढीग गुडघ्याएवढा. चघळून टाकलेल्या कोकाच्या चोथ्याचा काळा डाग, अगदी एका माणसाच्या बसायच्या जागेशेजारी. आणि सगळीकडे, गवतात, राखेत, दगडांच्या फटीत, लोकरीची तुटलेली टोकं. लाल, निळी, पिवळी, हिरवी, काळी, पांढरी. सहा रंग.

मागच्या फटीत काठ्यांची मोळी होती. सुती कापडात गुंडाळलेली, दोरीनं बांधलेली. अकरा काठ्या. मधल्या एकीला दोन गाठी होत्या. त्या लोकरीला ऊन लागलंच नव्हतं, आईनं बांधली तेव्हा होती तितकीच लाल होती.

लोटी खाली ठेवता येत नव्हती, म्हणून मला धड रडताही आलं नाही. पाठीवरचं ओझं टोचत होतं. आत लोकरीचा गुंडा होता. वेळ जातो, म्हणाला होता. दोन दिवस इथे बसून राहायचं, म्हणजे चौथ्या दिवशी घरी पोचायला बरोबर जमतं. ते दोन दिवस जावेत म्हणून त्यानं मला लोकर दिली होती.

मी पाचव्या दिवशी उतरले. बाप शेवटच्या गोठ्याच्या भिंतीशी उभा होता, एकटाच. आदल्या दुपारपासून तिथेच होता असं नंतर प्लासिदोनं सांगितलं. चौथ्या दिवशी मी आले नाही तेव्हाच त्याला कळलं असणार की मी वर गेले. तरी वर दरड आहे, कुणीतरी धावा, असं तो गावात कुणालाही बोलला नव्हता.

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, हाताच्या फाटलेल्या तळव्याकडे पाहिलं. माझे हात लोटीत अडकलेले, म्हणून माझ्या पाठीमागे येऊन त्यानं ओझ्याची गाठ सोडली. आधी गुंडा निघाला. मग मोळी.

“गुंडा तसाच आहे,” तो म्हणाला.

“तसाच आहे.”

“मला वाटलं होतं, तुला लागेल.”

मी त्याच्याकडे वळले. “मेले असते मी तिथे.”

“तसल्या दरडीवरनं कोण जातं गं? तो मोठा भूकंप झाला ना, त्या वर्षी बघितलं मी. उभा राहिलो, मागे फिरलो. झऱ्याचं पाणी आणलं. आणि पाऊस आला, एलो. चांगला आला.”

“मग मला सांगायचं होतंस.”

“सगळ्यांसमोर काय सांगणार होतो? आणि घरी तुझ्याकडे बघून तोंड उघडेना. म्हटलं, तू शहाणी आहेस, दरड बघून फिरशील. खोबण दिसेल. काठ्या दिसतील. कळेल तुला.” तो मोळीवरची धूळ झटकत होता. “मग आपण दोघं झालो असतो. अकरा वर्षं एकटाच बसलो तिथे.”

“आईची काठी, ताता.”

“तिची तर फार जपून ठेवली होती,” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका साधा होता की मला त्याला मारावंसं वाटलं.

झऱ्याच्या पाण्याबद्दल मी त्याला माफ केलंय. माणूस भितो. पण आपली भीती तो मला वारसा म्हणून देत होता, गाठोड्यात बांधून, गुंड्यासकट, आणि मी ती घेईन याची त्याला खात्री होती. माझी त्याच्यावर जितकी श्रद्धा होती, तितकाच त्याचा माझ्या भित्रेपणावर भरवसा होता.

त्यानं मोळी गोठ्याच्या भिंतीत सरकवली. गुंडा माझ्या शालीत परत ठेवला आणि दोन पावलं मागे राहून माझ्याबरोबर चालायला लागला. गावात सगळे टोप्या काढून उभे होते. बासिलियाच्या घरावरून आम्ही गेलो. छप्पर बसलं होतं, दारात गवत उगवलं होतं. तिथे मी थांबले. एक वाक्य पुरलं असतं. गाव वाट बघत होतं, आणि माझ्या मागे माझा बाप उघड्या डोक्यानं उभा होता. केस किती विरळ झाले होते त्याचे.

मी पुढे चालायला लागले. बायकांनी माझ्या हातून लोटी घेतली.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. फार नाही, बरा. दुसऱ्या वर्षी मी बारा काठ्या वर नेल्या, आईची सगळ्यांत आधी ठेवली. बासिलियाला खाणीच्या गावात दोनदा शोधलं, सापडली नाही. गोफणी भिंतीवरून काढल्या. आम्ही एकाच चुलीवर जेवत होतो, लामांबद्दल बोलत होतो.

गेल्या जुलैत तो गेला. प्लासिदो आता फार म्हातारा झालाय, पण काठी टेकत आला आणि शवपेटीशी उभा राहून म्हणाला, “पंचवीस वर्षं या माणसानं आपल्याला पाणी आणलं.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. बापाला हवी होती ती सोबत शेवटी मिळालीच.

मग कुणालातरी आईचं बोलणं आठवलं, सेवेरोच्या हातात काहीतरी द्या म्हणून. बायका हसल्या, रडल्या, लोकर शोधायला लागल्या. मी म्हटलं, थांबा, आहे माझ्याकडे. घरातून तो पांढरा-काळा गुंडा आणला आणि त्याच्या बोटांत ठेवला. दोन दिवस पुरेल एवढी लोकर होती ती.